क्वार्टरबॅकची पारख: सगळं मोजूनही अंदाज का चुकतो?

२६ एप्रिल २०१८ ची रात्र. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट सुरू होता. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना संघ वाटून घेतात तो हा सोहळा. त्या रात्री पहिल्याच फेरीत पाच क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारे खेळाडू, निवडले गेले. बेकर मेफील्ड पहिल्या क्रमांकावर, सॅम डार्नोल्ड तिसऱ्या, जॉश ॲलन सातव्या, जॉश रोझन दहाव्या आणि फेरी संपता संपता, बत्तिसाव्या क्रमांकावर, लमार जॅक्सन.

पुढे काय झालं ते पाहा. सर्वांत शेवटी निवडलेला जॅक्सन २०१९ आणि २०२३ अशा दोन हंगामांत लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ज्याच्या नेमाबद्दल सगळ्यात जास्त शंका होती, त्या ॲलनने २०२४ च्या हंगामात तोच मान मिळवला. लगेच मैदानात उतरायला तयार म्हणून ज्याचं नाव घेतलं जायचं, त्या रोझनला त्याच्या संघाने एका वर्षात दुसऱ्याच्या पदरात टाकलं. मेफील्ड आणि डार्नोल्ड पहिल्या संघात टिकले नाहीत. दोन-तीन घरं फिरल्यावर कुठे त्यांचा जम बसला. निवडीचा क्रम आणि नंतरची कामगिरी यांचा मेळ कुठेच लागत नाही.

एनएफएलमध्ये बत्तीस संघ आहेत. पैशाला तोटा नाही, वर्षभर कॉलेजांचे सामने पाहत फिरणारे पगारी पारखी, म्हणजे स्काउट, त्यांच्या पदरी आहेत. खेळाडूचा प्रत्येक पास चित्रित झालेला असतो. तरीही ही पारख इतकी का चुकते? पारखणाऱ्यांचा आळस किंवा अडाणीपणा हे त्याचं कारण नाही. ते कामाच्या स्वरूपात आहे.

अडीच सेकंदांचं काम

क्वार्टरबॅक नेमकं काय करतो, इथून सुरुवात करू. या खेळात दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. ते जमलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न म्हणजे आधी बसवलेला एक स्वतंत्र डाव. एक डाव संपला की पुढचा सुरू करायला साधारण चाळीस सेकंद असतात.

त्या वेळात प्रशिक्षक क्वार्टरबॅकला हेल्मेटमधल्या रेडिओवरून डाव सांगतो. घड्याळात पंधरा सेकंद उरले की रेडिओ बंद होतो आणि पुढचं सगळं त्याच्या एकट्यावर येतं. तो सहकाऱ्यांना डाव सांगतो, त्यांना जागेवर उभं करतो आणि समोरच्या बचावाची मांडणी न्याहाळतो. बचाव करणारे अर्थातच लबाड असतात. दाखवतात एक आणि चेंडू हलताच करतात दुसरंच.

चेंडू हातात आला की त्याच्यापाशी अडीच ते पावणेतीन सेकंद उरतात. पुढे पाच धिप्पाड सहकारी भिंत धरून उभे असतात आणि ती फोडून त्याला आडवं करायला तेवढेच धिप्पाड विरोधक धावून येत असतात. चेंडूसह तो असा आडवा झाला की त्याला ‘सॅक’ म्हणतात. तेवढ्यात त्याने पहिला रिसीव्हर, म्हणजे पास झेलायला धावणारा सहकारी, मोकळा आहे का ते पाहायचं. नसेल तर दुसरा, मग तिसरा. बरं, रिसीव्हर मोकळा झाल्यावर चेंडू फेकून भागत नाही, कारण चेंडू पोहोचेपर्यंत बचावपटूही पोहोचतो. म्हणून तो जिथे मोकळा होणार आहे तिथे, तो वळायच्या आधीच, चेंडू सोडावा लागतो.

म्हणजे हे काम निम्मं हाताचं आणि निम्मं डोळ्यांचं आणि डोक्याचं. हात दिसतो, मोजता येतो. बाकीचं बाहेरून दिसत नाही.

लिलाव नव्हे, क्रम

आपल्याकडे आयपीएलमुळे लिलाव सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. ड्राफ्टमध्ये मात्र बोली लागत नाही. एकूण सात फेऱ्या होतात आणि गेल्या हंगामात सर्वांत मागे पडलेल्या संघाला निवडीचा पहिला मान मिळतो. या क्रमांची संघ आपापसांत अदलाबदलही करू शकतात. एखाद्या क्वार्टरबॅकवर जीव जडला तर वरचा क्रमांक मिळवण्यासाठी संघ आपल्या पुढच्या वर्षांच्या निवडी देऊन टाकतात.

या व्यवस्थेत एक मेख आहे. सर्वांत आशादायक मुलगा बहुधा सर्वांत विस्कळीत संघाच्या वाट्याला जातो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

व्हिडिओत काय शोधतात?

स्काउटचं मुख्य काम म्हणजे सामन्यांचे व्हिडिओ पाहणं. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. स्काउट उंचावरून घेतलेलं, बावीसही खेळाडू एकाच वेळी दिसतील असं चित्रण पाहतात. पास कुठे गेला यापेक्षा तो कुठे जायला हवा होता, हे त्यातून कळतं. मोकळा रिसीव्हर याला दिसलाच नाही का? दडपण आल्यावर याची नजर मैदानावर राहिली की अंगावर येणाऱ्यांवर गेली? संघ मागे पडलेला असताना, तगड्या प्रतिस्पर्ध्यापुढे हा कसा खेळला?

अडचण अशी, की पडद्यावर क्वार्टरबॅक एकटा कधीच दिसत नाही. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या जो बरोने २०१९ मध्ये ६० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, फेकले आणि त्याचा संघ एकही सामना हरला नाही. पण त्याचे पास झेलणाऱ्यांत जमार चेस आणि जस्टिन जेफरसन होते, पुढे एनएफएल गाजवणारे दोघे. मग या यशात बरोचा वाटा किती? याच्या उलट ॲलन. वायोमिंगसारख्या, फारशा नामांकित खेळाडूंची रीघ नसलेल्या विद्यापीठातून तो आला आणि त्याचे जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण झाले होते. त्यात दोष त्याचा किती आणि भोवतालचा किती? बरोच्या बाबतीत यश खरोखर त्याचं निघालं, ॲलनच्या बाबतीत अपयश बरंचसं सुधारण्याजोगं निघालं. निवडीच्या दिवशी मात्र दोन्ही उत्तरं अंदाजाचीच होती.

दुसरी अडचण नियमांची. कॉलेजचा खेळ आणि व्यावसायिक खेळ वरवर सारखे दिसतात, पण तसे नाहीत. प्रत्येक डाव मैदानावर आखलेल्या दोन खुणांच्या मधून सुरू करावा लागतो. कॉलेजात या खुणांमधलं अंतर ४० फूट असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. त्यामुळे कॉलेजात डाव अनेकदा एका कडेजवळून सुरू होतो आणि दुसऱ्या बाजूला आक्रमणाला भरपूर रान मोकळं मिळतं. व्यावसायिक मैदानावर डाव मधोमध सुरू होतो आणि अशी आयती जागा मिळत नाही.

आणखी एक फरक. चेंडू धावणाऱ्याच्या हाती द्यायचा की पास फेकायचा, हे एकाच बचावपटूकडे पाहून ऐन वेळी ठरवायचं, असे डाव कॉलेजात फार चालतात. त्यात भिंत धरणारे खेळाडू पास सुटण्याआधीच पुढे सरकलेले असतात. कॉलेजचा नियम त्यांना तीन यार्ड सूट देतो, एनएफएलचा फक्त एक. अशा डावांत क्वार्टरबॅकला सगळं मैदान वाचावं लागत नाही; एक माणूस वाचला की झालं. शिवाय अनेक कॉलेज संघांत डाव सुरू व्हायच्या आधी अख्खा संघ मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाकडे पाहतो आणि बचाव वाचून डाव बदलण्याचं काम तोच करतो. थोडक्यात, व्यावसायिक खेळात ज्या कामाचे पैसे मिळणार, ते काम मुलाने कॉलेजात पुरेसं केलेलंच नसतं. मग व्हिडिओत दिसणार काय?

फूटपट्टी आणि घड्याळ

व्हिडिओची उणीव भरून काढायला ‘कंबाइन’ आहे. दरवर्षी हिवाळ्याच्या शेवटी इंडियानापोलिसमध्ये तीनशेहून अधिक खेळाडू जमतात. उंची, वजन, हाताची लांबी मोजली जाते. डॉक्टर सांधे तपासतात. ४० यार्डांची धाव, उभी उडी आणि समोर बचावपटू नसताना पास फेकणं, हेही होतं.

या मोजमापांमागे तर्क आहे. पंजा मोठा असेल तर थंडीपावसात ओला चेंडू निसटत नाही. उंची असेल तर पुढच्या भिंतीवरून पलीकडचं दिसतं. पण तर्क बरोबर असला म्हणजे भाकीत बरोबर येतं असं नाही. बरोचा पंजा नऊ इंचांचा, म्हणजे क्वार्टरबॅकच्या मानाने लहानच. २०२० मध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि दुसऱ्याच हंगामात त्याने सिनसिनाटीला सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम लढतीत, नेलं. जेमतेम ५ फूट ११ इंचांचा रसेल विल्सन २०१२ मध्ये पंचाहत्तराव्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला आणि दोन वर्षांत सिएटलला विजेतेपद देऊन मोकळा झाला. टॉम ब्रेडीने २००० मध्ये ४० यार्ड धावायला ५.२८ सेकंद घेतले, हे क्वार्टरबॅकसाठीही संथच. तो १९९ व्या क्रमांकावर गेला. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर सात सुपर बोल होते.

हे असं का होतं, ते आरटीओच्या मैदानावर कळतं. तिथे गाडीचा ‘आठ’ काढून दाखवणाऱ्याला गाडी येते, एवढं नक्की सिद्ध होतं. तोच माणूस आषाढातल्या धुक्यात, समोरून ट्रक येत असताना, भरलेली एसटी वरंधा घाटातून नीट उतरवील का, हे त्या आठावरून सांगता येत नाही. म्हणून आठ काढायला लावणं निरर्थक ठरत नाही. ज्याला तोही जमत नाही तो बाहेर जातो. कंबाइनचा उपयोग इतकाच आहे. ती अगदीच नालायक उमेदवार गाळते, पण उरलेल्यांचा क्रम लावू शकत नाही.

डोक्याची चाचणी

हात आणि पाय मोजून भागत नसेल तर डोकं मोजू, असाही प्रयत्न झाला. कंबाइनमध्ये कित्येक वर्षं ‘वंडरलिक’ नावाची लेखी परीक्षा असायची: बारा मिनिटांत पन्नास प्रश्न, शब्दांचे, आकड्यांचे, तर्काचे. पण बसून कोडी सोडवण्याची हुशारी आणि अंगावर माणसं येत असताना दिसणारी हुशारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२२ पासून कंबाइनमधून ही परीक्षा गेली.

तिच्या जागी संगणकावरच्या, नजर आणि प्रतिसादाचा वेग मोजणाऱ्या चाचण्या आल्या. २०२३ मध्ये अशाच एका चाचणीत सी. जे. स्ट्राउडला फार कमी गुण मिळाल्याची बातमी फुटली आणि बरीच चर्चा झाली. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर ब्राइस यंग गेला, दुसऱ्यावर स्ट्राउड. हंगामाअखेरीस आक्रमणातल्या सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार स्ट्राउडला मिळाला, आणि यंगला दुसऱ्या हंगामात दोनच सामन्यांनंतर काही काळ बाकावर बसावं लागलं.

अशा चाचण्यांपेक्षा प्रशिक्षकांना समोरासमोरच्या मुलाखतीवर जास्त भरवसा वाटतो. फळ्यावर एक अनोळखी डाव शिकवायचा, मग घरच्या, मित्रांच्या गप्पा मारायच्या आणि अचानक म्हणायचं, आता तो डाव पुन्हा काढून दाखव. किंवा त्याचाच एक फसलेला पास पडद्यावर थांबवून विचारायचं, इथे तुझ्या मनात काय चाललं होतं? यातून मुलाची समज आणि स्मरण कळतं. पण अंगावर कोणी धावून येत नसताना.

आकडे कुठवर साथ देतात?

आकड्यांतूनही काही हाती लागतं. बिल पार्सेल्स या नामवंत प्रशिक्षकाची चाळणी प्रसिद्ध आहे: उमेदवार शेवटच्या वर्षाचा हवा, पदवी पूर्ण केलेला हवा, तीन वर्षं संघाचा मुख्य क्वार्टरबॅक असलेला हवा आणि निदान २३ सामने जिंकलेला हवा. यात शहाणपण आहे. कॉलेजात जितके जास्त सामने, तितका नशिबाचा वाटा कमी आणि स्वभावाचा जास्त दिसतो. २०१७ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलेला मिचेल ट्रुबिस्की कॉलेजात मुख्य क्वार्टरबॅक म्हणून फक्त १३ सामने खेळला होता. शिकागोत त्याचं बस्तान बसलं नाही. उलट चार हंगाम खेळलेला ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि दुसऱ्याच हंगामात सुपर बोल खेळला.

विश्लेषकांच्या आवडीचा दुसरा आकडा असा: दडपण आलेल्या शंभर डावांपैकी किती वेळा हा सॅक झाला? दडपण येणं हे पुढच्या भिंतीवर अवलंबून असतं. त्यातून सुटणं बरंचसं क्वार्टरबॅकच्या हाती असतं, आणि चेंडू धरून ठेवायची खोड सहसा कॉलेजातून पुढे सोबत येते.

पण चाळणी कितीही बारीक केली तरी तिला अपवाद निघतात. पुढे कॅन्सस सिटीत गाजलेला पॅट्रिक मॅहोम्स आणि जॉश ॲलन या दोघांनीही शेवटच्या वर्षाआधीच कॉलेज सोडलं होतं. पार्सेल्सच्या चाळणीत दोघेही गळले असते.

उरलेली गोष्ट निवडीनंतर घडते

आता त्या विस्कळीत संघांच्या मेखेकडे वळू. आतापर्यंत आपण असं धरून चाललो की प्रत्येक मुलाच्या अंगी ठरावीक गुणवत्ता असते आणि स्काउटने ती फक्त ओळखायची असते. २०१८ चे पाच जण मात्र वेगळंच सांगतात.

बफेलोने ॲलनला घेतलं तेव्हा त्याचं काम कच्चं आहे हे त्यांना माहीत होतं. मुख्य प्रशिक्षक आणि आक्रमणाचा प्रशिक्षक त्यांनी सलग चार हंगाम बदलले नाहीत, त्याची फेक सुधारण्यावर मेहनत घेतली आणि २०२० मध्ये स्टेफॉन डिग्ज हा कसलेला रिसीव्हर आणून दिला. त्याच्या पूर्ण पासांचं प्रमाण २०१८ मध्ये ५२.८ टक्के होतं, २०१९ मध्ये ५८.८ आणि २०२० मध्ये ६९.२. नेम शिकवता येत नाही, असं मानणाऱ्यांना हा धक्का होता.

बाल्टिमोरने जॅक्सनला प्रचलित साच्यात बसवण्याऐवजी त्याच्या पळण्याभोवती सगळं आक्रमण नव्याने बांधलं. त्याने रिसीव्हर व्हावं, असा सल्ला त्याला जाहीरपणे दिला गेला होता. २०१९ मध्ये त्याने १२०६ यार्ड धावून क्वार्टरबॅकचा विक्रम केला आणि ३६ टचडाउन पासही फेकले.

रोझनच्या नशिबी उलटं आलं. ॲरिझोनात त्याच्या पहिल्याच हंगामात आक्रमणाचा प्रशिक्षक मध्येच गेला आणि हंगाम संपताच मुख्य प्रशिक्षकही. नव्या प्रशिक्षकाने, क्लिफ किंग्सबरीने, आपल्या पद्धतीचा क्वार्टरबॅक म्हणून कायलर मरेला पहिल्या क्रमांकावर निवडलं आणि रोझनची मायामीला रवानगी झाली. हा किंग्सबरी कॉलेजात मॅहोम्सचा प्रशिक्षक होता. मॅहोम्सला मात्र कॅन्सस सिटीत अँडी रीडसारखा मुरलेला प्रशिक्षक मिळाला, आणि अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकायला एक अख्खं वर्षही. पहिल्या हंगामात तो मुख्य क्वार्टरबॅक म्हणून एकच सामना खेळला; दुसऱ्यात त्याचे ५० टचडाउन पास झाले.

डार्नोल्डचा दाखला तर आणखी बोलका आहे. न्यूयॉर्क आणि कॅरोलायनात तो फसला असं सगळे मानून बसले होते. २०२४ मध्ये मिनेसोटात चांगला प्रशिक्षक आणि चांगले रिसीव्हर मिळाल्यावर त्याच्यासह संघाने १४ सामने जिंकले. मग २०१८ मध्ये त्याला तिसऱ्या क्रमांकावर ठेवणारे चुकले होते की बरोबर होते? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण ‘डार्नोल्ड किती चांगला’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुठे, कोणाच्या हाताखाली, हे जोडल्याशिवाय तो पूर्ण होत नाही.

निकाल पाहतानाही एक गफलत होते. वरच्या क्रमांकावर घेतलेल्या मुलाला संघ अनेक संधी देतो, कारण त्याच्यात प्रतिष्ठा गुंतलेली असते. सहाव्या फेरीतल्या मुलाला बहुधा एकही मिळत नाही. ब्रेडीला मिळाली तीही २००१ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जखमी झाला म्हणून. बाकावर बसून परत गेलेल्या किती जणांची पारख चुकली होती, हे कधीच कळत नाही.

तरीही एवढी मोठी किंमत का?

एक कारण पैशाचं. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. २०११ पासून नवोदितांच्या मानधनावर मर्यादा आली आणि त्या वर्षीच्या पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा करार २ कोटी २० लाखांवर आला. जम बसलेल्या नामवंत क्वार्टरबॅकला आज वर्षाला ५ कोटींहून अधिक मिळतात. नवा मुलगा चांगला निघाला तर वाचलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा करता येतो.

दुसरं कारण अतिविश्वास. केड मॅसी आणि पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी २०१३ च्या शोधनिबंधात दाखवलं, की सर्वांत वरच्या क्रमांकांची किंमत संघ वाजवीपेक्षा जास्त लावतात. एकाच जागेसाठी पाठोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधीचा सरस ठरण्याची शक्यता निम्म्याहून थोडीच जास्त निघते.

वॉशिंग्टनने २०१२ मध्ये हे दोन्ही धडे एकाच वेळी गिरवले. रॉबर्ट ग्रिफिनसाठी त्यांनी सहाव्यावरून दुसऱ्या क्रमांकावर येताना पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि वर एक दुसऱ्या फेरीची निवड मोजली. त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत त्यांनी कर्क कझिन्सलाही घेतलं. ग्रिफिन सर्वोत्तम नवोदित ठरला, पण हंगामाच्या शेवटी गुडघा दुखावून बसला आणि पूर्वीसारखा कधी खेळला नाही. २०१५ पासून तीन हंगाम संघ चालवला तो कझिन्सने. एका निवडीवर सगळं लावण्यापेक्षा दुसरा पर्याय हाताशी ठेवणं किती स्वस्त पडतं, ते यातून दिसतं.

म्हणून पुढच्या ड्राफ्टच्या वेळी पंजाची मापं आणि धावण्याच्या वेळा कानावर आल्या, तर त्या ऐकाव्यात आणि लगेच विचारावं: याला घेणाऱ्या संघाचा प्रशिक्षक दोन वर्षांनी तिथे असेल का? याच्या पुढची भिंत धड आहे का? याला बाकावर बसून शिकायला वेळ मिळणार आहे का? मुलाच्या गुणांइतकंच भाकीत या तीन उत्तरांत दडलेलं असतं.

थोडक्यात

- क्वार्टरबॅकच्या कामाचा मोठा भाग म्हणजे अडीच-पावणेतीन सेकंदांत पाहणं आणि ठरवणं. तो थेट मोजता येत नाही.
- कॉलेजच्या व्हिडिओत त्याची करामत सहकारी, प्रशिक्षक आणि सोपे नियम यांच्यात मिसळलेली असते.
- कंबाइनची मोजमापं नालायक उमेदवार गाळतात. चांगल्यांमधला क्रम लावू शकत नाहीत.
- जास्त सामन्यांचा अनुभव आणि दडपणातून सुटण्याची सवय, हे आकडे तुलनेने भरवशाचे. अपवाद त्यांनाही आहेत.
- निवडणारा संघ हा पारखीचाच भाग आहे. तोच मुलगा एका ठिकाणी फसतो आणि दुसरीकडे फुलतो.